ओगोनीच्या विहिरी

१० नोव्हेंबर १९९५ रोजी नायजेरियातील पोर्ट हार्कोर्टच्या तुरुंगात नऊ जणांना फासावर चढविण्यात आले. त्यांत एक लेखक होता. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो, आणि शाखेत येणाऱ्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती बातमी वाचल्याचे आठवते. लक्षात राहिले ते एवढेच, की कुठल्याशा देशात एका कादंबरीकाराला फाशी झाली. मी स्वतः तेव्हा पहिली कादंबरी लिहीत होतो. कादंबरीकाराकडे लोक फार तर दुर्लक्ष करतात, त्याला फाशी कोणी देत नाही, अशी माझी भाबडी समजूत होती.

पुढे त्या लेखकाची पुस्तके मिळवून वाचली. केन सारो-विवा हे त्यांचे नाव. आणि पुष्कळ वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली प्रसिद्ध केलेला, अडीचशेहून अधिक पानांचा एक अहवाल वाचला. तो सारो-विवांच्या ओगोनी प्रदेशातील माती, खाड्या आणि विहिरी यांच्या तपासणीचा अहवाल आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला अहवाल वाचायची सवय आहे. कोणता आकडा ठळक छापला आहे आणि कोणता तळटीपेत दडवला आहे, तिकडे नजर आपोआप जाते. हा अहवाल मला सारो-विवांच्या चरित्राचे शेवटचे प्रकरण वाटत आला आहे. चरित्रनायकाच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी लिहिले गेलेले.

नायजर नदी अटलांटिकला मिळते तिथे तिचे शेकडो फाटे होतात. खाड्या, चिखल, खारफुटीची जंगले आणि मधून मधून शेतीच्या उंचवट्यांवर वसलेली गावे. या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व टोकाला ओगोनी लोक राहतात. प्रदेश सुमारे १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. सारो-विवांच्या चळवळीच्या काळात लोकसंख्या पाच लाखांच्या घरात. सुरण आणि कसावा लावायचा, खाडीत मासे-शिंपल्या धरायच्या, हा परंपरागत व्यवसाय. इथल्या बोरी गावी १० ऑक्टोबर १९४१ रोजी केन यांचा जन्म झाला. वडील जिम विवा जंगलखात्यात नोकरीला होते आणि समाजात मानाचे स्थान राखून होते. मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून उमुआहियाच्या सरकारी विद्यालयात गेला. चिनुआ अचेबे हे त्याच शाळेचे आधीचे विद्यार्थी.

ते शाळेत असतानाच त्यांच्या मुलखाचे नशीब पालटले. १९५६ साली त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी येथे तेल सापडले आणि १९५८ साली ओगोनीत, डेरे गावाजवळ. त्याच वर्षी नायजेरियाचे तेल परदेशी जाऊ लागले. कंपनी होती शेल-बीपी, देश अजून इंग्रजांच्या अमलाखाली होता. ओगोनीत पुढे शंभराहून अधिक तेलविहिरी खणल्या गेल्या. पाण्याच्या विहिरीला आणि तेलाच्या विहिरीला आपण एकच शब्द वापरतो. ओगोनीत त्या दोन्ही एकमेकींच्या किती जवळ आल्या, हे समजायला मात्र अर्धशतक जावे लागले.

इबादान विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेऊन सारो-विवा अध्यापनाकडे वळले होते, तोच १९६७ मध्ये यादवी युद्ध पेटले. पूर्व नायजेरियाने बियाफ्रा नावाने वेगळे होण्याची घोषणा केली. ओगोनी हा त्या भागातला अल्पसंख्य समाज. बहुसंख्य इग्बोंच्या नव्या राष्ट्रात आपले काही खरे नाही असे सारो-विवांना वाटले, आणि ते केंद्र सरकारच्या बाजूला गेले. वयाच्या विशीतच त्यांना बॉनी बंदराचे प्रशासक नेमण्यात आले. बॉनी म्हणजे जिथे तेलाच्या वाहिन्या संपतात आणि जहाजे भरतात ती जागा. आपल्या गावच्या जमिनीखालचे तेल कोणत्या वाटेने कुठे जाते, हे त्या तरुण प्रशासकाने अगदी उतारावर बसून पाहिले. इग्बो वाचकांपैकी पुष्कळांनी त्यांना या निवडीबद्दल कधी क्षमा केली नाही. त्यांनीही ती कधी मागितली नाही. उलट १९८९ साली युद्धाच्या आठवणी लिहून आपली बाजू ठासून मांडली.

युद्धानंतर ते नव्या रिव्हर्स राज्याच्या मंत्रिमंडळात होते. याच काळात, १९७० साली, डेरेजवळच्या बोमू तेलक्षेत्रात एका विहिरीचा मोठा स्फोट झाला आणि तेल शेतांतून व ओढ्यांतून वाहिले. एबुबूजवळची मोठी गळतीही साधारण त्याच सुमाराची. ओगोनीतला हा माणूस तेव्हा सत्तेच्या खुर्चीत होता, हे विसरून चालणार नाही. १९७३ मध्ये त्यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. ओगोनींच्या स्वायत्ततेबद्दल ते फार बोलू लागले होते, हे त्याचे कारण.

मग त्यांनी जे केले ते मला, एक जुना बँकवाला म्हणून, फार आवडते. त्यांनी दुकान टाकले. पोर्ट हार्कोर्टमध्ये किराणा मालाचा व्यापार, पुढे घरे-जागांची खरेदी-विक्री. दहा-बारा वर्षांत चांगला पैसा गाठीला बांधला, मुलांना इंग्लंडात शिकायला धाडले, आणि मग पुन्हा लेखनाकडे वळले. लेखकाने आधी पोटाची सोय करावी आणि नंतर कोणाला न घाबरता लिहावे, हा व्यवहार त्यांना कळला होता. स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९८५ साली ‘सोझाबॉय’ ही कादंबरी आली. मेने नावाचा एक खेडवळ पोरगा, मोटारीवरचा उमेदवार, गणवेशाच्या मोहाने सैन्यात जातो आणि युद्ध म्हणजे काय ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ती लिहिली आहे मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाजारातली, शाळेतली आणि बराकीतली भाषा कालवून केलेल्या एका इंग्रजीत. पहिली दहा पाने मी अडखळत वाचली, नंतर मात्र पुस्तक खाली ठेवले नाही.

याच सुमारास त्यांची ‘बासी अँड कंपनी’ ही विनोदी मालिका नायजेरियन दूरदर्शनवर सुरू झाली. लागोसच्या एका गल्लीत राहणारा बासी काम न करता लक्षाधीश व्हायच्या रोज नव्या युक्त्या काढतो आणि रोज तोंडावर आपटतो. तेलाच्या पैशाने सबंध देशाला जी सवय लावली होती तिचीच ही थट्टा. सुमारे तीन कोटी लोक ती पाहत, असे सांगितले जाते. म्हणजे नायजेरियातल्या घराघरांत हसवणारा माणूस म्हणून ज्याला ओळखत होते, तोच पुढे फासावर गेला.

१९९० नंतर त्यांनी जवळजवळ सगळे सोडून एकच विषय धरला. त्या वर्षी ओगोनी पुढाऱ्यांनी हक्कांची एक सनद तयार केली आणि ओगोनी लोकांच्या अस्तित्वासाठी ‘मोसॉप’ ही संघटना उभी राहिली. सनदेतले म्हणणे साधे हिशेबाचे होते. तीस वर्षे आमच्या जमिनीतून तेल निघाले; त्यातून आमच्या वाट्याला ना वीज, ना नळाचे पाणी, ना रस्ते. जमिनीखालचे तेल कायद्याने केंद्राचे. स्वातंत्र्याच्या वेळी खनिज उत्पन्नाचा निम्मा वाटा ते जिथून निघे त्या प्रांताला मिळत असे. ऐंशीच्या दशकात तो दीड टक्क्यावर आला होता. आणि त्या बदल्यात जे मिळाले ते तेलाच्या तवंगाच्या खाड्या, आणि तेलाबरोबर वर येणारा वायू वर्षानुवर्षे रात्रंदिवस उघड्यावर जाळणाऱ्या ज्वाळा.

१९९२ मध्ये सारो-विवांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी समूहांविषयीच्या कार्यगटापुढे हे गाऱ्हाणे मांडले. त्याच वर्षी या विषयावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच वंशसंहार हा शब्द घातला. डिसेंबरात मोसॉपने तेल कंपन्यांना तीस दिवसांची मुदत देऊन दहा अब्ज डॉलर मागितले: सहा अब्ज थकलेली रॉयल्टी, चार अब्ज नुकसानभरपाई. ४ जानेवारी १९९३ रोजी, आदिवासींच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या आरंभी, हिरव्या फांद्या हातात घेऊन सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर आले. पाच लाखांच्या समाजातले तीन लाख. त्या वर्षी शेलने ओगोनीतले तेल काढणे थांबवले. ते अजूनही सुरू झालेले नाही.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. वंशसंहार हा शब्द मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. तो शब्द ज्यासाठी राखून ठेवलेला आहे ते वेगळे असते. कंपनीने आणि सरकारने याच अतिशयोक्तीचा फायदा घेतला. कंपनीचे म्हणणे असे, की गळती होते हे खरे, पण पुष्कळशी गळती लोकांनीच केलेल्या नासधुशीमुळे होते, आणि सबंध मुलूख उद्ध्वस्त झाल्याचे चित्र भडक आहे. सारो-विवांजवळ याला उत्तर होते ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे: काळी पडलेली खारफुटी, मेलेले मासे, न उगवणारी शेते. त्यांच्याजवळ नव्हते ते मोजमाप. किती बॅरल, किती खोल, कोणत्या विहिरीत काय आणि किती, हे स्वतंत्रपणे कोणी मोजलेलेच नव्हते. तेल काढण्याआधीच्या पाण्याची नोंद नव्हती, नंतरच्या नोंदी होत्या त्या कंपनीच्या कपाटात. ज्याच्याकडे आकडे नाहीत त्याला मोठे शब्द वापरावे लागतात. आणि मोठे शब्द वापरले की आकडे असणारा त्याला खोटा ठरवतो.

हा खेळ मी जवळून पाहिलेला आहे, आणि बरोबर बाजूला बसून पाहिलेला नाही. एका गावी शाखेत असताना रंगाईच्या एका कारखान्याच्या कर्जाची छाननी माझ्याकडे होती. प्रकल्प अहवालात पाण्याचा रकाना होता: रोज किती हजार लिटर लागेल आणि ते कुठून मिळेल. ते पाणी कारखान्यातून बाहेर पडताना कसे असेल आणि कुठे जाईल, असा रकाना नव्हता. ना हरकत प्रमाणपत्र फायलीला जोडलेले होते. मी शिफारस लिहिली. दोन-अडीच वर्षांनी जवळच्या मळ्याचे मालक आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले. पाणी लालसर होते. त्यांना मी समजावून सांगितले, की काका, हा बँकेच्या अखत्यारीतला विषय नाही. ते खरेच होते. काका बाटली तशीच ठेवून गेले. ती संध्याकाळपर्यंत टेबलावर होती.

सारो-विवांचे पुढचे दिवस फार वेगाने गेले. जून १९९३ मध्ये देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती. मोसॉपने तिच्यावर बहिष्कार घालायचे ठरवले आणि त्यावरून संघटना फुटली. जुने, मवाळ पुढारी बाजूला झाले. सारो-विवा अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात त्यांना अटक होऊन ते महिनाभर कोठडीत होते. त्या दिवसांची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी त्यांचा इंग्लंडात शिकणारा चौदा वर्षांचा मुलगा वारला. निवडणूक लष्कराने रद्द केली, आणि नोव्हेंबरात सानी अबाचा या जनरलने सत्ता हाती घेतली.

२१ मे १९९४ रोजी गिओकू येथे जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांना ठार मारले. चौघेही मोसॉपच्या जहाल मंडळींना नकोसे झालेले. सारो-विवांना त्या दिवशी त्या भागात जाऊच दिले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना चिथावणीच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्यांनी खून करवले असे मानायला आधार नाही. पण त्या चौघांना गिधाडे ठरवणारी जी हवा ओगोनीत तयार झाली होती, तिची काही जबाबदारी चळवळीच्या सर्वांत प्रभावी वक्त्यावर येते की नाही, हा प्रश्न त्या चार घरांतल्या लोकांनी विचारला, आणि तो वावगा नव्हता. चौघांपैकी दोघे सारो-विवांच्या पत्नीच्या नात्यातले होते.

खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. त्यात एक लष्करी अधिकारी बसला होता, आणि निकालावर अपील नव्हते. गानी फावेहिन्मी यांच्यासारख्या नामांकित वकिलाने न्याय मिळण्याची आशा सोडून अंग काढून घेतले. दोन साक्षीदारांनी लाच घेऊन साक्ष दिल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. ३१ ऑक्टोबर १९९५ रोजी फाशीची शिक्षा झाली आणि दहा दिवसांत अमलात आली. राष्ट्रकुलाचे प्रमुख तेव्हा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला जमले होते. मुत्सद्देगिरीने मार्ग निघेल असे मानणारे नेल्सन मंडेला संतापले आणि नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित झाले. सारो-विवांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेत दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्युदंड होणार असलेला माणूस रात्री आपल्या प्रेयसीला पत्र लिहीत बसलेला आहे. ती कथा मी एकदाच वाचली.

त्यांच्या हयातीतच, १९९५ च्या आरंभी, शेलने पैसे देऊन त्रिभुज प्रदेशाच्या पर्यावरणाची पाहणी करण्याचे जाहीर केले होते. क्लॉड आके या नावाजलेल्या अभ्यासकाला तिच्या समितीवर घेतले होते. फाशीनंतर त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे मोजणीचा तो प्रयत्न सुरुवातीलाच विश्वास गमावून बसला.

खरी मोजणी झाली ती संयुक्त राष्ट्रांच्या माणसांकडून, नायजेरिया सरकारच्या विनंतीवरून. आणि तिचाही खर्च शेलनेच उचलला. यावर टीका झाली. मला मात्र ती व्यवस्था चूक वाटत नाही: लेखापरीक्षकाची फी परीक्षण होणाराच देतो, प्रश्न एवढाच की वह्या कोण उघडतो. इथे वह्या परक्यांनी उघडल्या. चौदा महिने दोनशेहून अधिक जागा पाहिल्या, ६९ जागी खोलात जाऊन तपासणी केली, भूजल पाहण्यासाठी १४२ विहिरी घेतल्या, मातीसाठी ७८० ठिकाणी भोके पाडली, चार हजारांवर नमुने तपासले, पाच हजारांवर लोकांचे वैद्यकीय कागद चाळले.

अशा तपासणीत तीन गोष्टी जोडून पाहतात: विष कुठून निघाले, कोणत्या वाटेने गेले, आणि कोणापर्यंत पोचले. तिन्ही दुवे जुळले तरच धोका. नुसते तेल सांडले म्हणजे धोका किती ते कळत नाही. ओगोनीत आजवर जी सफाई व्हायची ती एका गृहीतावर उभी होती. जमिनीत चिकणमातीचा थर आहे, तो तेलाला खाली जाऊ देत नाही, तेव्हा वरची माती उकरून, वाफे करून, खत घालून ठेवली की मातीतले जंतू तेल खाऊन टाकतील. म्हणजे वाट बंद आहे असे धरून चालले होते. अहवालाने दाखवले, की ओगोनीत असा सलग थर नाहीच. ४९ जागी तेल निदान पाच मीटर खोल गेलेले होते. ४१ जागी ते भूजलापर्यंत पोचून देशाच्या मर्यादेच्या पलीकडे गेले होते. पावसाळी मुलूख, उथळ पाणी. कच्च्या तेलातले जड भाग मातीला धरून राहतात, पण बेन्झीनसारखे हलके घटक पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. वर तवंग दिसत नाही, पोहऱ्यात पाणी येते.

निसिसिओकेन ओगाले या वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते त्यांत बेन्झीन होते, जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादेच्या नऊशेपटींहून अधिक. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद नाही. शेजारी भूजलावर आठ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. एका बोटापेक्षा जाड. आणि यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी, की ते कच्चे तेल नव्हते, शुद्ध केलेले होते. जवळून जाणारी वाहिनी नायजेरियाच्या सरकारी तेल कंपनीची होती. सारो-विवांनी शेलकडे बोट दाखवले ते बरोबरच. पण विहिरीला मालक कोण ते कळत नाही.

अहवालातले दोन आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. नायजेरियाच्या नियमांनुसार एक किलो मातीत ५,००० मिलिग्रॅमहून जास्त तेल सापडले तर हस्तक्षेप करायचा, आणि सफाई करत ५० मिलिग्रॅमपर्यंत न्यायची. पहिली पातळी काम सुरू करण्याची, दुसरी काम संपविण्याची. प्रत्यक्षात ५,००० च्या खाली आले की फाइल बंद केली जात होती. थकलेले कर्ज एका हप्त्याने नियमित दिसू लागले की ते वसूल झाले असे लिहिणारे शाखाधिकारी मला ठाऊक आहेत. शिवाय, सफाई पूर्ण झाली असे शेलच्या नोंदी सांगत होत्या त्यांपैकी पंधरा जागा तपासल्या, तर दहा जागी ती कंपनीची स्वतःची मर्यादासुद्धा पाळत नव्हती. आणि गळतीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे त्या जागी पोचायला स्वतःचे वाहनही नव्हते. तेल कंपन्यांवर अवलंबून राहावे लागे. कर्जदाराच्या गाडीतून त्याचेच गोदाम तपासायला जाणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. अशा दिवशी जेवणही त्याच्याकडेच होते.

अहवाल कंपनीवर थांबत नाही, हे त्याचे मोल. शेलने तेल काढणे सोडले तरी दुसरीकडचे तेल बॉनीला नेणाऱ्या वाहिन्या ओगोनीतूनच जात राहिल्या. त्या फुटल्या, २००८ मध्ये बोडोच्या खाडीत दोनदा मोठी गळती झाली. आणि त्या फोडल्याही गेल्या: चोरलेले तेल खारफुटीत उघड्या पिंपांतून उकळून विकण्याचा धंदा फोफावला. २००७ ते २०११ या काळात बोडो पश्चिम भागातली दहा टक्के निरोगी खारफुटी नाहीशी झाली, ती या धंद्याबरोबरच. हे करणारे ओगोनीतलेच बेकार तरुण. ज्या पोरांच्या बापांनी १९९३ मध्ये हिरव्या फांद्या धरल्या होत्या ती पोरे. खारफुटीची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. भरतीच्या दर पाण्याबरोबर तेल येऊन त्या मुळांवर लेपासारखे बसते. तिथेच मासे अंडी घालतात. सारो-विवा असते तर याबद्दल काय लिहिते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. बासीचा तो काम न करता लक्षाधीश होण्याचा छंद त्यांना इतक्या काळ्या रूपात दिसला नसता.

पैसे मिळाले ते न्यायालयांतून, आणि थोडे थोडे. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये, सारो-विवांच्या व इतरांच्या कुटुंबीयांनी केलेल्या दाव्यात शेलने दोष मान्य न करता १ कोटी ५५ लाख डॉलर दिले. २०१५ साली बोडोच्या लोकांना साडेपाच कोटी पौंड मिळाले. तिथे किती तेल सांडले याचा कंपनीचा पहिला अंदाज बराच कमी होता, हे त्या दाव्याच्या ओघात कंपनीलाच मान्य करावे लागले. ओगालेच्या लोकांना इंग्लंडात दावा चालवता येईल, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. शेलने तर मार्च २०२५ मध्ये त्रिभुज प्रदेशातल्या जमिनीवरचा आपला धंदा विकून टाकला.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने सगळ्यांत आधी सांगितले होते ते असे: दूषित विहिरींवर खुणा करा, लोकांना सांगा, आणि त्यांना दुसरे पाणी द्या. पाट्या लागल्या. दुसरे पाणी कधी आले, कधी नाही, आणि पुष्कळांनी पाटी वाचून तेच पाणी भरले. पहिल्या पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलर लागतील, आणि प्रदेश पूर्ववत व्हायला पंचवीस ते तीस वर्षे, असा अहवालाचा अंदाज होता. सफाईचा आरंभ जाहीर झाला तो २ जून २०१६ रोजी, बोडोला.

१२ जून २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना मरणोत्तर माफी दिली, राष्ट्रीय सन्मानही दिला. १२ जून हा नायजेरियाचा लोकशाही दिन, १९९३ च्या त्या निवडणुकीच्या स्मरणार्थ. मोसॉपने बहिष्कार घातला होता तीच निवडणूक. माफी गुन्ह्याला असते, आम्हाला निर्दोष ठरवा, असे अनेक ओगोनींचे म्हणणे आहे. त्याच वर्षी ओगोनीत पुन्हा तेल काढण्यासाठी सरकार आणि पुढारी यांची बोलणी सुरू झाली. सफाईचे काम चालू आहे. त्यातील दिरंगाईबद्दल आणि दर्जाबद्दल तक्रारीही चालू आहेत. २०१६ पासून पंचवीस वर्षे धरली, आणि काम मुदतीत झाले असे मानले, तर ओगोनीच्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे होईल २०४१ मध्ये. ते केन सारो-विवांचे जन्मशताब्दी वर्ष आहे.